कोंबडीचे पाणी

२०२४ सालच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. मराठवाड्यातील एका गावी आमचा संध्याकाळचा वर्ग चालू होता. दिवे लागले होते. वह्या-पुस्तके निघाली होती. एक काकू रोज सर्वांच्या आधी येत. त्या दिवशी त्या उशिरा आल्या आणि मागे भिंतीला टेकून बसल्या. पुस्तक उघडले नाही. आम्ही विचारले, "काकू, आज बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय," काकू म्हणाल्या. "पण ताई, दोन दिसांत माझ्या सात कोंबड्या गेल्या. त्यातल्या चार अंडी देत होत्या."

वर्गात कुजबुज झाली. कोणी म्हणाले, मानमोडी आली असेल. कोणी म्हणाले, नजर लागली. एक आजोबा म्हणाले, "ऊन काय कमी पडतंय का! पाणी ठेवलं होतंस का त्यांना?"

"ठेवलं होतं की! भरलेलं पातेलं तसंच्या तसं हाय अजून."

काकूंचे हे शेवटचे वाक्य आमच्या मनात राहिले. इतका कडक उन्हाळा, कोंबड्या धापा टाकत मेल्या, आणि पाण्याचे पातेले मात्र भरलेले! हे कसे?

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही काकूंच्या घरी गेलो. पातेले अंगणात होते. ते जर्मनचे होते आणि चांगले उंच काठाचे होते. सकाळी काकूंनी ते भिंतीच्या सावलीत ठेवले होते. पण सावली काही एका जागी बसून राहत नाही. दुपारपर्यंत ती सरकली आणि पातेले भर उन्हात आले. आम्ही पाण्यात बोट घातले. पाणी अंघोळीच्या पाण्याहून कढत होते. वर धूळ आणि लिंबाचा पाला तरंगत होता.

उरलेल्या कोंबड्या बैलगाडीखाली उभ्या होत्या. चोची उघड्या, पंख अंगापासून सुटे, डोळे अर्धे मिटलेले. पाण्याकडे एकही जात नव्हती. आम्ही घरातल्या माठातले गार पाणी मागितले. एका पसरट खापरात ओतले. खापर गाडीखाली सावलीत ठेवले. बघता बघता सगळ्या कोंबड्या जमल्या. एकीने लागोपाठ सतरा वेळा चोच बुडवली. आम्ही मोजले. काकू म्हणाल्या, "अगं बया, तहानेल्या होत्या की या!"

होत्याच. घरात पाणी होते. अंगणातही होते. पण कोंबडीला पिता येईल असे ते नव्हते. म्हणून या धड्यात आपण कोंबडीच्या पाण्याविषयी बोलणार आहोत. दाण्याविषयी सगळेच बोलतात. पाण्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

आधी हे पाहा, की कोंबडीला उन्हाळा इतका का बाधतो?

आपल्याला उकडले की घाम येतो. घाम वाळतो, तेव्हा अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणून वारा लागला की बरे वाटते. कोंबडीला घामच येत नाही. तिच्या कातडीत घामाची सोय नाही. वर अंगावर पिसांची रजई! शिवाय तिचे अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम. माणसाचे अंग ३७ अंश सेल्सिअस असते. कोंबडीचे ४१ ते ४२ अंश असते. आपण ४१ अंशांवर गेलो तर घरचे लोक दवाखान्यात नेतील. कोंबडीचे ते रोजचे आहे.

आता मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात मे महिन्यात हवा ४४-४५ अंशांपर्यंत तापते. म्हणजे कोंबडीच्या अंगापेक्षाही बाहेरची हवा गरम. मग अंगातली उष्णता बाहेर जाणार कशी? तिच्यापाशी एकच उपाय उरतो. चोच उघडायची आणि भरभर धापा टाकायच्या. धापेबरोबर घशातला आणि फुप्फुसातला ओलावा वाफ होऊन बाहेर जातो. त्या वाफेबरोबर उष्णताही जाते. आपला घाम अंगावर वाळतो, कोंबडीचा जणू घशात वाळतो.

पण प्रत्येक धापेला थोडे पाणी खर्च होते. ते भरून काढायला पाणी प्यावे लागते. पाणी मिळाले नाही तर धाप टाकूनही अंग थंड होत नाही. मग मान लोळते, कोंबडी बसते आणि पुन्हा उठत नाही. लोक म्हणतात, ऊन लागून मेली. खरे आहे. पण पुष्कळदा ती उन्हाने जितकी मरते तितकीच तहानेनेही मरते.

मग पाणी गरम असले तर काय बिघडले? तहान लागली तर पिईल की, असे आपल्याला वाटते. कोंबडी तसे करीत नाही. तिच्या अंगाइतके गरम झालेले पाणी ती नाकारते. चोच लावते आणि मान फिरवते. गार पाणी मात्र पुन्हा पुन्हा पिते. काकूंचे पातेले भरलेले का राहिले, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

एका कोंबडीला पाणी लागते तरी किती? साधारण हिशेब असा आहे. कोंबडी जितका दाणा खाते, त्याच्या दुप्पट वजनाचे पाणी पिते. मोठी कोंबडी एरवी दिवसाला सुमारे पाव लिटर पाणी पिते. म्हणजे एक फुलपात्र धरा. कडक उन्हाळ्यात हेच अर्धा लिटर होते. दहा कोंबड्या असतील तर एरवी अडीच लिटर आणि उन्हाळ्यात पाच लिटर. म्हणजे अर्धी कळशी.

आम्हाला ठाऊक आहे, कित्येक गावांत उन्हाळ्यात अर्धी कळशी पाणीसुद्धा हलके नसते. टँकरची वाट पाहून, भांडून, डोक्यावर वाहून आणलेले ते पाणी असते. ज्या बाईने ते आणले तिला आम्ही काय सांगावे? तरी एवढे सांगतो. कोंबडीने न प्यालेले पाणी फुकट जात नाही. संध्याकाळी ते भाजीच्या वाफ्याला किंवा शेवग्याच्या बुडाशी ओता. तांदूळ धुतल्याचे ताजे पाणीही कोंबड्यांना चालते. फक्त ते आंबू देऊ नका.

आणि त्या अर्ध्या कळशीच्या बदल्यात काय मिळते तेही पाहा. अंडे म्हणजे काय? टरफलासकट वजन केले तर अंड्यात बहुतेक दोन तृतीयांश भाग पाणीच असते. ५० ग्रॅमच्या अंड्यात ३० ग्रॅमहून जास्त पाणी. हे पाणी कोंबडी कोठून आणणार? तिच्या पोटात विहीर नाही. एक दिवस पाणी कमी पडले की अंडी घटतात. नंतर पाणी दिले तरी ती लगेच पहिल्यासारखी होत नाहीत. कित्येक दिवस जातात. गावरान अंड्याला बाजारात पांढऱ्या अंड्यापेक्षा जास्त भाव मिळतो. हा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतो. त्यातून पोरांच्या वह्या येतात, तेल येते, वेळेला औषध येते. २०१९ च्या पशुगणनेत आपल्या देशात कोंबड्या-बदके मिळून सुमारे ८५ कोटी पक्षी मोजले गेले. त्यांतले ३१ कोटींहून जास्त पक्षी काकूंच्या कोंबड्यांसारखे, परसात वाढणारे होते. म्हणजे ही गोष्ट एकट्या काकूंची नाही.

दाणा पचायलाही पाणी लागते. कोंबडीला दात नाहीत. ती दाणा तसाच गिळते. तो आधी गळ्याखालच्या पिशवीत जाऊन बसतो. संध्याकाळी तुम्ही कोंबडी हातात धरलीत तर ही पिशवी बोटांना लागते. तिथे दाणा पाण्याने भिजतो, मऊ होतो आणि मग पुढे जातो. पाणी नसेल तर दाणा भिजत नाही. मग कोंबडी दाणाही टाकते. समोर ज्वारी पडलेली आहे आणि कोंबडी खात नाही, असे दिसले तर आधी पाण्याचे भांडे बघा.

कोंबडी पाणी कसे पिते, हे तुम्ही पाहिले आहेच. चोच बुडवते आणि मान वर करते. पुन्हा बुडवते, पुन्हा वर करते. लहानपणी आम्हाला सांगत, ती दर घोटाला देवाला नमस्कार करते. खरे कारण वेगळे आहे. गाय-बैल पाणी ओढून पितात, तसे कोंबडीला पाणी ओढता येत नाही. ती चोचीत पाणी भरते आणि मान वर करून घशात सोडते. पारव्याला मात्र ओढून पिता येते. तो मान खाली ठेवूनच पितो. कोंबडीला मान वर-खाली करावी लागते, म्हणून भांडे तिच्या बेताचे हवे. भांड्याचा काठ तिच्या पाठीच्या उंचीला असावा. काठ फार उंच असेल तर ती काठावर चढून बसते आणि आत घाण करते. भांडे जमिनीलगत असेल तर पायाने माती उकरून आत टाकते. दोन विटांवर पसरट भांडे ठेवले की काम भागते.

पिलांची गोष्ट आणखी निराळी. इथे आमचीच एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही हौसेने पंचवीस पिले आणली. पाणी कमी पडू नये म्हणून मोठी परात भरून ठेवली. सकाळी पाहिले तर अकरा पिले परातीत मेलेली. गर्दी झाली, एकमेकांना ढकलली, आत पडली, भिजली आणि गारठली. पिलाला बुडायला चार बोटे पाणी पुरते. त्या दिवशी आम्हाला जेवण गेले नाही. पुढे एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितले, "परातीत खडे घालावे की! खड्यांमधलं पाणी पितात, बुडत नाहीत." इतकी साधी गोष्ट! नदीतले गोल खडे धुऊन ताटलीत पसरायचे आणि खड्यांच्या वर येणार नाही इतकेच पाणी ओतायचे. आम्ही चार पुस्तके वाचली होती, पण खड्यांचे आमच्या डोक्यात आले नव्हते.

अंड्यातून निघालेल्या पिलाच्या पोटात बलकाचा थोडा भाग शिल्लक असतो. त्यावर ते दोन-तीन दिवस दाण्यापाण्याशिवाय काढू शकते. म्हणून तर उबवणी केंद्रातली पिले खोक्यांतून दूरदूरच्या गावी पोहोचतात. गिरिराज ही जात बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झाली आणि वनराजा हैदराबादेत. आज दोन्ही आपल्या गावांत दिसतात. पण खोके घरी आले, की पिलांना पहिल्याने दाणा नाही, पाणी द्यायचे. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात मूठभर गूळ विरघळवा आणि तेच पहिले पाणी द्या. प्रवासाने थकलेल्या पिलांना त्याने तरतरी येते. गुळाचे पाणी एका दिवसापुरतेच. ते लवकर आंबते, म्हणून उरले तर फेकून द्या.

यंत्रात उबलेल्या पिलाला पाणी म्हणजे काय हेच ठाऊक नसते. आई असती तर तिने कुकूकू करून बोलावले असते, स्वतः चोच बुडवून दाखवले असते. इथे आई आपणच. एकेक पिलू हातात घ्या. त्याची चोच हलकेच पाण्याला लावा. दहा-बारा पिलांना शिकवले की बाकीची त्यांचे पाहून शिकतात.

आता एक सोपे भांडे घरी कसे करायचे ते सांगतो. ते पिलांना चालते, मोठ्या कोंबड्यांनाही चालते. त्यात कोणी पाय घालीत नाही, घाण करीत नाही आणि पाणी आपोआप भरत राहते.

एक रिकामा डबा घ्या. वनस्पती तुपाचा किंवा लोणच्याच्या बरणीसारखा प्लास्टिकचा चालेल. आधी तो घासून स्वच्छ धुवा. त्याला बुडाशी किंवा अंगाला कुठेही चीर नको. डब्याच्या तोंडाच्या काठापासून अर्ध्या पेराएवढ्या अंतरावर खिळ्याने एक भोक पाडा. आता डब्यापेक्षा थोडी मोठी, सपाट बुडाची, काठ असलेली ताटली घ्या. ताटलीचा काठ एका पेराहून जरा उंच असावा. म्हणजे भोक ताटलीच्या काठाच्या खालीच राहील. भोकावर बोट ठेवून डबा पाण्याने भरा. वर ताटली झाका. दोन्ही घट्ट धरून एकदम पालथे करा. बोट काढा.

काय होते? भोकातून बुडबुड करीत पाणी ताटलीत येते. ताटलीतले पाणी भोकापर्यंत चढले की थांबते. डबा वर भरलेला आहे आणि तरी पाणी सांडत नाही! कोंबड्या पाणी पितात. ताटलीतले पाणी उतरते. भोक उघडे पडले की पुन्हा बुडबुड आणि पुन्हा तेवढेच पाणी.

मंडळींना ही जादू वाटते. जादू काही नाही. तुम्ही हे रोज पाहता. पाण्याने भरलेल्या बादलीत तांब्या बुडवा. आतल्या आत पालथा करा. मग बुडाकडून धरून हळूहळू वर उचला. तांब्या बाहेर आला तरी जोवर त्याचे तोंड पाण्यात आहे, तोवर आतले पाणी खाली येत नाही. तोंड पाण्याबाहेर आले, की गळगळ आवाज होतो आणि सगळे पाणी खाली. असे का? आपल्या भोवती हवा आहे. हवा दिसत नाही, पण तिला वजन आहे. ती बादलीतल्या पाण्याला वरून दाबते. त्या दाबाने तांब्यातले पाणी वरच धरले जाते. तांब्यात हवा शिरली तरच पाणी जागा सोडते. आपल्या डब्यातही तेच. भोक पाण्याखाली आहे, तोवर हवेला आत वाट नाही. हवा आत नाही, तर पाणी बाहेर नाही.

हे समजले की डबा का बिघडला तेही तुमचे तुम्हाला कळेल. पाणी थांबतच नाही, वाहून जाते? मग भोक ताटलीच्या काठापेक्षा वर पडले आहे, नाहीतर डब्याला कुठे तरी बारीक चीर आहे आणि तिथून हवा शिरते आहे. पाणी येतच नाही? भोकात कचरा अडकला आहे. आणखी एक गंमत. डबा उन्हात ठेवला तर कोणी न पिताच ताटली भरून वाहते. आत साठलेली हवा उन्हाने तापते, फुगते आणि पाण्याला बाहेर ढकलते. तेव्हा डबा सावलीतच हवा. उन्हाळ्यात त्याला ओले गोणपाट गुंडाळले तर आणखी बरे.

शहरांत काही घरांत हॅमस्टर नावाचा छोटा प्राणी पाळतात. तो दिसायला उंदरासारखा, पण गुबगुबीत आणि आखूड शेपटीचा असतो. त्याच्या पिंजऱ्याला पाण्याची बाटली उलटी टांगलेली असते. बाटलीला एक नळी आणि नळीच्या तोंडाशी एक छोटी गोळी. तो गोळीला जीभ लावतो आणि थेंब थेंब पाणी येते. सशांनाही काही लोक अशीच बाटली लावतात. बाटली विकत मिळते आणि आपला डबा घरी होतो. पण हवेची युक्ती दोन्हीकडे सारखीच.

उन्हाळ्यापुरते बोलायचे तर आम्हाला मातीचे भांडेच जास्त आवडते. कुंभाराकडचा पसरट परळ घ्या. माती पाणी झिरपू देते, ते बाहेरून वाळते आणि आतले पाणी गार राहते. माठाचे आहे तेच. परळ झाडाखाली, दिवसभर सावली राहील अशा जागी ठेवा. जागा ठरवण्याआधी भर दुपारी एकदा उभे राहून सावली कुठे आहे ते पाहा. सकाळची सावली पाहून फसू नका. परळातले पाणी दुपारी एकदा बदला.

भर उन्हात कोंबडी मलूल झालेली दिसली, तर तिला उचलून सावलीत न्या. तिचे पाय गार पाण्यात बुडवा. तुऱ्याला ओला हात लावा. समोर पाणी ठेवा. पण तिची चोच उघडून पाणी आत ओतू नका. ते श्वासाच्या नळीत गेले तर वाचणारी कोंबडीही मरते. उन्हाळ्यात दुपारी दाणा टाकू नका. दाणा पचताना अंगात उष्णता होते. पहाटे आणि दिवस कलल्यावर दाणा द्या. पाणी मात्र दिवसभर हवे.

खुडूक कोंबडीची तहान तर कोणाच्या लक्षातच येत नाही. ती २१ दिवस अंड्यांवर बसते. दिवसातून एकदा थोडा वेळ उठते, खाते, पिते आणि पुन्हा बसते. तेवढ्या वेळात तिला पाणी शोधायला गावभर फिरावे लागले तर दोन गोष्टी होतात. एक तर ती पाणी न पिताच परत येऊन बसते आणि वाळत जाते. नाहीतर उशीर करते आणि अंडी गार पडतात. तिचे पाणी डालग्यापासून दोन पावलांवर ठेवा. फार जवळ नको. सांडले तर अंडी भिजतील.

आता पाणी कसले द्यावे? आम्ही एकच माप सांगतो. जे पाणी तुम्ही स्वतःच्या पोराला द्याल, तेच कोंबडीला द्या. पुष्कळ घरांत कोंबडीसाठी वेगळे पाणी ठेवतच नाहीत. ती मोरीचे पिते, गटाराचे पिते. पावसाळ्यात तर डबकी जागोजाग. पाणी उदंड, पण त्यातच सगळ्या गावच्या कोंबड्यांची विष्ठा. रक्ती हगवण, पांढरी हगवण हे आजार विष्ठेतून पसरतात. एका आजारी कोंबडीने पाण्यात घाण केली, की ते पाणी पिणाऱ्या दहा जणींना आजार होतो. घरी स्वच्छ पाणी भरलेले असेल, तर कोंबड्या डबक्याकडे कमी जातात. भांड्याभोवती चिखल होऊ लागला तर भांड्याची जागा बदला. आणि भांडे रोज रिकामे करून राखेने घासा. आत हिरवट बुळबुळीत थर आला, की समजा चार दिवस कोणी हात लावलेला नाही.

फवारणीच्या पंपाचे बोलायलाच हवे. शेतातून आल्यावर पंप अंगणात धुतात. ते पाणी खळग्यात साचते. कोंबड्या तिथे येऊन पितात आणि तासाभरात लोळतात. आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे. पंप घरापाशी धुऊ नका. तिथे तुमची पोरेही खेळत असतात. औषधाचा रिकामा डबा कितीही चांगला दिसला तरी त्यातून पाणी पाजू नका. वर आम्ही डब्याचे भांडे सांगितले, म्हणून हे मुद्दाम सांगतो. खारवलेल्या मासळीचे किंवा लोणच्याचे खारट पाणीही कोंबड्यांपुढे ओतू नका. जास्त मीठ पिलांना मारते.

एक वेळ मात्र अशी येते, की कोंबड्यांना आपण मुद्दाम तहानेले ठेवतो. ती लशीची वेळ. मानमोडीला सरकारी दवाखान्यात रानीखेत म्हणतात. रानीखेत हे उत्तराखंडातल्या एका गावाचे नाव आहे. त्या गावावरून रोगाचे नाव पडले. हा रोग झाल्यावर औषध नाही. आधी लस दिली तरच कोंबडी वाचते. या रोगाची लासोटा नावाची लस पाण्यातून देता येते. ती कधी आणि किती द्यायची, ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. लशीची बाटली पुष्कळ कोंबड्यांना पुरेल एवढी असते, म्हणून गल्लीतल्या चार घरांनी मिळून आणावी. बर्फात ठेवून आणावी.

लस देण्याआधी तास-दोन तास भांडी उचलून ठेवा, म्हणजे कोंबड्या तहानेल्या होतील आणि लशीचे पाणी झटपट पितील. हे काम सकाळच्या गारव्यात करा, दुपारी नको. आता महत्त्वाचे. या पाण्यात टीसीएल पावडर नको. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल असते. ते आपल्याला चांगले, कारण ते रोगाचे जंतू मारते. पण लशीतही जिवंत विषाणू असतात. टीसीएल त्यांनाही मारते आणि लस वाया जाते. तेव्हा टीसीएल न टाकलेले विहिरीचे स्वच्छ पाणी घ्या. मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात घ्या. डॉक्टर त्यात थोडी बिनसायीच्या दुधाची भुकटी घालायला सांगतात, ती लशीला जपते. दोन तासांत पाणी संपले पाहिजे. लस देऊनही कोंबड्या मेल्या, असे पुष्कळ जण सांगतात. त्यांना आम्ही आधी विचारतो, पाणी कुठले होते?

कोंबडी अंधारात पाणी पीत नाही. खुराड्यात संध्याकाळी कोंडली, की सकाळपर्यंत तिला पाण्याशिवाय काढावे लागते. म्हणून सकाळी खुराडे उघडण्याआधीच बाहेर भांडे भरून ठेवावे. उठल्या उठल्या ती आधी पाण्याकडे जाते. आणि संध्याकाळी कोंडण्याआधी एकदा पोटभर पिऊ द्यावे.

काकूंनी लिंबाखाली दोन विटा मांडल्या आणि त्यावर परळ ठेवला. उरलेल्या पाच कोंबड्या वाचल्या. त्यांतली एक पावसाळ्यात खुडूक बसली आणि तिने नऊ पिले काढली. काकू पुन्हा वर्गात सर्वांच्या आधी येऊ लागल्या. पण आता त्यांची निराळीच तक्रार आहे. गार पाण्याच्या ओढीने शेजारणीच्या कोंबड्याही लिंबाखाली येऊन बसतात, आणि लिंबाखाली अंडे सापडले की ते कोणाचे, यावरून दोन घरांत वाद होतो. आम्ही शेजारणीला दुसरा परळ आणून दिला आहे.